डाळिंबाला पाणी

ता. ९ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आणि वर पुन्हा तेच लिहितेस, की मी पाणी घालत होते रे. मग मेलं कसं? घातलेल्या पाण्याने कधी कुणी मरतं का? मी शाळेत फार टिकलो नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, पण एवढं मलाही कळतं. माझ्या जन्माआधीपासून बाबांनी वाढवलेलं डाळिंब. ताटाएवढी कुंडी, दोन वितींची उंची, आणि खोड बघावं तर म्हाताऱ्याच्या मनगटासारखं. दुकानात आरशाखाली असायचं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की आधी त्याच्याकडे बघायचं, मग स्वतःच्या तोंडाकडे. बाबा जुन्या कात्रीने त्याचे शेंडे खुडायला लागले की लोक चिडवायचे, आमच्या कटिंगला पैसे आणि त्याची फुकट का म्हणून. बाबा गेले आणि वर्षाच्या आत तू ते वाळवलंस. बाबा गेले तेव्हा चार दिवस राहून मी निघालो, तर पायरीवरून तुम्हा दोघींना सांगून निघालो होतो की बाबांच्या झाडाला तहानलेलं ठेवू नका. एवढंच तर सांगितलं होतं.

बरं, ते गेलं ते गेलं. आता हे नवीन काय? रविवारी ट्रकवाले काका कारखान्याच्या फाटकावर हजर, हातात दुकानातल्या पांढऱ्या कापडाचं गाठोडं. गिऱ्हाइकाच्या गळ्याला बांधायचं ते कापड बघून मुकादमाने विचारलं की आत डोकं कुणाचं आहे. सगळे हसले. सोडलं तर आत पावडरचा जुना डबा, बुडाला भोकं पाडलेला, त्यात माती आणि मातीत करंगळीएवढी काडी. तिला चार पानं इकडे, चार तिकडे. काका म्हणाले की आजारी पडायच्या आधी बाबांनी त्याच झाडाची एक फांदी छाटून या डब्यात रोवली होती, ती जगली, आणि ताईचा निरोप आहे की ही तुझ्याकडेच राहू दे.

माझ्याकडे? ताई, माझ्याकडे चपलेचा जोड टिकत नाही. कारखान्यामागे खोली, चार खाटा, एक खिडकी, तीही भट्टीच्या भिंतीकडे तोंड करून. दिवसभर फुटक्या कौलांचे ढीग उपसतो, तो लाल धुरळा आंघोळ केली तरी कानात राहतो. शेजारच्या खाटेवरच्या वेल्डरने पहिल्याच दिवशी तुझ्या त्या काडीवर बनियन वाळत घातला. आणि मी इथे राहणार तरी किती? बंदरावर याहून बऱ्या पगाराचं काम मिळतंय, पुढच्या महिन्यात उठायचा विचार आहे. घरी तू आहेस, आई आहे, दुकानाच्या खिडकीत ऊन आहे. आईच्या हाताखाली ते छान वाढलं असतं. तिला का नाही दिलंस? तुला एक जमलं नाही म्हणून दुसरं माझ्या गळ्यात?

कळावे. राग आहे, पण नमस्कार खरा आहे.

तुझा धाकटा


ता. २४ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. वाळवलं म्हणतोस, तर वाळवलं. माझ्या नावावर मांड आणि विषय मिटव. मी दिवसभर खुर्चीमागे उभी असते, पत्रातून भांडायला पायात बळ उरत नाही. ज्याने उभं राहायचं त्याच्या पायाला भिंगरी, म्हणून मी उभी आहे. हे मी काढत नाही, तूही झाड काढू नकोस.

डबा मात्र तुझ्याकडेच ठेव. का, ते विचारू नकोस. आईपुढे त्याचा विषय नको, आणि यापुढे पत्र घरी न टाकता दुकानाच्या पत्त्यावर टाक.

आता नीट वाच, नेहमीसारखं वरवर नको. खिडकी भट्टीकडे असली तरी सकाळी तासभर ऊन मिळेल अशी जागा शोध. पाणी सवयीने घालायचं नाही. बोट पेरभर मातीत घालायचं, गार लागलं तर हात मागे. बाबांचं म्हणणं आठवतं ना, गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय कात्री लावायची नाही आणि मातीला विचारल्याशिवाय पाणी घालायचं नाही. कात्रीचं तर नावच काढू नकोस, अजून लेकरू आहे ते. आठवड्यातून एकदा डबा थोडा फिरव, नाहीतर एका बाजूला मान टाकून वाढेल, आपल्या रिटायर पोस्टमास्तरांसारखं.

ते पोस्टमास्तर आता माझ्याकडेच येतात. आधी म्हणायचे की बाईच्या हातात वस्तरा दिसला की मान आपोआप मागे जाते. परवा दाढी करताना घोरायला लागले. लहान मुलांची गिऱ्हाइकी वाढली आहे. आई बरी आहे म्हणायची. जेवते थोडं, बोलते थोडं. दुकानात मात्र येत नाही. आरशाखालच्या रिकाम्या जागेवर मी बाटल्या आणि डबे मांडले, तरी येत नाही. तू अंगाने भरलास का, हे ट्रकवाल्या काकांना दोनदा विचारून झालं तिचं.

तुझे चार हजार मिळाले. माझ्या कोरड्या अक्षरावर जाऊ नकोस, माया आहे तेवढीच आहे.

तुझी ताई


ता. ३० सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पानं पिवळी पडायला लागली आहेत. पाचसहा गळली. मी शपथेवर सांगतो, तू म्हणालीस तसंच केलं. खोलीबाहेर पाण्याच्या टाकीचा कट्टा आहे, तिथे सकाळचं ऊन येतं, तिथे डबा ठेवला. कामावर जाताना रोज बोट घालून बघायचो. माती नेहमी ओली. मी म्हटलं, शहाणं झाड आहे, मागतच नाही.

मग परवा कळलं. वेल्डर रात्रपाळीवरून परत येताना बाटलीत उरलेलं पाणी रोज त्यात ओततो. मी ओरडलो. तो मोठा माणूस, माझ्या दुप्पट वयाचा, मान खाली घालून म्हणाला की सकाळी कट्ट्यावर एकटंच बसलेलं दिसतं, तोंड सुकल्यासारखं वाटतं, राहवत नाही. त्याची मुलगी लांब आजोळी असते.

पण ताई, पत्र त्यासाठी लिहीत नाही. डबा उचलला तर बुडाकडून वास आला. बंद डब्यात ओलं फडकं विसरावं तसा. आणि तो वास माझ्या ओळखीचा निघाला. मागच्या खेपेला दोन दिवस घरी आलो होतो, बाबांचं झाड तेव्हा पानं टाकत होतं. तेव्हा दुकानात हाच वास होता. मी म्हटलं, टॉवेल नीट वाळले नसतील.

म्हणजे झाड वाळलं नव्हतं. कुजलं होतं. मी तीन पत्रं तुला वाळवलंस, वाळवलंस म्हणून लिहिलं, आणि तू एकदाही खोडून काढलं नाहीस. एवढं पाणी घातलं कुणी? तू घातलं नसणार. तुझा हात मापाचा, चहात साखर घालतानासुद्धा तू चमचा हलवून सपाट करतेस. दुकानात येणारं जाणारं कुणी घालत होतं का? सरळ उत्तर दे. आणि आता याचं काय करू तेही लगेच लिही.

बंदरावर या महिन्यात गेलो नाही. हे मेलं तर जाईन, जगलं तरी जाईन, पण असं अर्धवट असताना सोडून कसा जाऊ?

घाईत लिहिलंय, चुकलंमाकलं पोटात घाल.

तुझा धाकटा


ता. ११ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

आधी झाडाचं. डब्यातून अलगद काढ, माती झाड. काळी पडलेली, दाबली तर मऊ लागणारी मुळं धारदार कात्रीने काढून टाक. पांढरी आणि टणक असतील ती सांभाळ. जाड, भुसभुशीत मातीत परत लाव, सावलीत ठेव आणि बोटाला माती गार लागतेय तोवर पाण्याकडे बघूही नकोस. वेल्डरदादांना हात जोडून सांग.

आता दुसरं. तू सरळ उत्तर मागितलंस, तर वाच. वाचून आईला एक अक्षर लिहायचं नाही, ही माझी अट आहे.

शेवटच्या दोन महिन्यांत बाबांच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं, हे तुला माहीत आहे. डॉक्टरांनी पाणी तोडलं होतं, हे तुला कुणी सांगितलं नाही. दिवसभरात औषधाचा तो छोटा स्टीलचा पेला आहे ना, तो चार वेळा. त्यापुढे थेंब नाही, नाहीतर पाणी छातीत चढेल म्हणाले. आणि हे सांभाळायचं काम आईकडे होतं, कारण माझ्याकडून झालं नसतं. बाबा आधी रागावून मागायचे. मग गोड बोलून मागायचे, लग्नातल्या आठवणी काढायचे. आई दर वेळी नाही म्हणायची. ओल्या फडक्याने ओठ पुसायची आणि नाही म्हणायची. झाड आम्ही त्यांच्यासाठी दुकानातून आणून उशाशी ठेवलं होतं. शेवटी शेवटी बाबांनी मागणं सोडलं. झाडाकडे बोट करून म्हणायचे की मला नको तर नको, त्याला तरी घाल.

ती घालायची. त्याच पेल्याने.

बाबा गेले तरी तिचं ते थांबलं नाही. झाड परत दुकानात नेलं तर तीही पेला घेऊन दुकानात. सकाळी, दुपारी, मध्येच काम टाकून उठायची. तू पायरीवरून सांगून गेलास, त्यानंतर तर आणखी. मी कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी तिच्या नकळत मोरीत ओतायची. तेवढंच करू शकले. भिंगरी, मला तिला थांब म्हणवलं नाही. आपल्या माणसाला दोन महिने नाही म्हणालेल्या बाईला आणखी एकाला नाही म्हण, असं मी कुठल्या तोंडाने सांगणार होते?

झाड गेलं तेव्हा तू लिहिलंस की ताईने वाळवलं. आईनेही पत्र वाचलं आणि काही बोलली नाही. मला वाटलं, बरं झालं, तिला असंच वाटू दे. मागच्या दारी बाबांचा डबा होता, तो तिच्या नजरेला पडण्याआधी काकांच्या ट्रकमध्ये दिला. तिच्या हातून आणखी एक जायला नको.

आता कळलं ना? मग माझ्यावरचा राग सोड, आणि दोघांत राहू दे.

तुझी ताई


ता. २० ऑक्टोबर

चि. बाळास,
आईचे अनेक आशीर्वाद.

ताई गिऱ्हाइकात आहे तोवर लिहिते. अक्षर वाकडं आलं तर सांभाळून घे, बऱ्याच दिवसांनी लिहितेय.

ट्रकवाल्या काकांच्या पोटात काही राहत नाही. ते सांगून गेले की तुझ्याकडे बाबांचं रोप आहे, ते आजारी आहे, आणि त्यावरून तुम्हा दोघा भावंडांत पत्रापत्री चालली आहे. म्हणून लिहिते, ताईशी भांडू नकोस. तिने काही केलं नाही. झाड माझ्या हाताने गेलं.

मला ते तेव्हाच कळलं होतं. मातीला वास यायला लागला, तो मला आधी आला. ताई चोरून ताटली रिकामी करायची तेही मी बघितलं होतं. सगळं दिसत होतं आणि तरी पेला भरत होते. एकदा नाही म्हणाले होते बाळा, दुसऱ्यांदा तोंडातून नाही निघालं नाही. तू ताईला बोल लावलास तेव्हा खरं सांगायला हवं होतं. तेही तोंडातून निघालं नाही.

मागच्या दारच्या डब्याचं मला माहीत होतं. बाबांनी त्यात फांदी रोवली तेव्हा माती मीच धरली होती. मोठं गेल्यावर मी मागच्या दारी जायचंच सोडलं, म्हणून ते जगलं. तू ते तुझ्याकडेच ठेव. मोठं झालं तरी इकडे आणू नकोस. माझ्या हाताचा मला भरवसा नाही.

मी लिहिलंय हे ताईला कळू देऊ नकोस. मला काही माहीत नाही या समजुतीवर तिला बरं वाटतं. पोटभर जेव.

तुझी आई


ता. २८ मार्च

ती. आईस आणि ती. ताईस,
दोघींना शि. सा. न. वि. वि.

हे पत्र दोघींनी जवळ बसून वाचायचं आहे. एकीने वाचायचं आणि दुसरीने ऐकायचं, एकही ओळ गाळायची नाही. तुम्ही दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवताय, आणि दोघींनी मला शपथ घातली. मी दोन्ही मोडतोय. ताई, आईला सगळं माहीत आहे, ताटलीसकट. आई, ताईने तुझ्यासाठी सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं, ते तुला माहीत आहेच. आता रडून घ्या आणि मग पुढे वाचा, मी थांबतो.

इतके महिने पैसे आले आणि पत्र आलं नाही, म्हणून शिव्या घातल्या असतील. काय लिहू ते कळत नव्हतं. ताई, वाळवलंस हा शब्द मी परत घेतला. आणि आई, त्या झाडात गेलेलं सगळं पाणी तुझं एकटीचं नव्हतं. बाबांनी सांगितलं तेही त्यात होतं. मी पायरीवरून सांगितलं तेही होतं.

झाड जगलंय. थंडीत सगळी पानं टाकून नुसती काडी राहिली होती, तेव्हा वेल्डर दोन दिवस माझ्याशी हळू आवाजात बोलत होता, घरात कुणी गेल्यासारखा. मी नखाने साल जरा खरवडली तर आत हिरवं होतं. मग थांबलो. मला थांबता येतं हे मला माहीत नव्हतं. बंदरावरची जागा दुसऱ्याने घेतली. कोंब डोकावेपर्यंत मी एक काम करून ठेवलं, ते सांगतो.

इथे फुटक्या कौलांचा डोंगर आहे आणि तो उपसायला मी आहे. त्यातले तुकडे कुटले, चाळले. बारीक भुगा टाकून दिला, मोठे खडे टाकून दिले, मधले वाटाण्याएवढे राहिले ते धुतले, धुरळा जाऊन पाणी स्वच्छ येईपर्यंत. साच्यावरच्या मिस्त्रीने माझ्यासाठी ताटाएवढी उथळ कुंडी थापून दिली आणि कौलांबरोबर भट्टीत भाजून काढली. बुडाला भोकं इतकी, की मुकादम म्हणाला, कुंडी केलीस की चाळण. भोकांवर जाळी, जाळीवर कौलांचे ते तुकडे, त्यात मूठभर माती, आणि हलू नये म्हणून झाड तारेने कुंडीला बांधलं. भाजलेली माती आपल्यापुरतं पाणी पिते आणि बाकीचं खाली सोडून देते. वरून तांब्या ओता, बादली ओता, खालून निघून जातं. साठत नाही, वास येत नाही.

माझा विश्वास नव्हता, म्हणून वेल्डरला मोकळीक दिली. त्याला सांगितलं, दादा, आता पाहिजे तेवढं घाल. तो रोज बाटली ओततो, कधी दोनदा. दीड महिना झाला. पानं अशी तकतकीत आहेत की कारखान्यातली माणसं हात धुवून बघायला येतात. मला इथे आता सगळे झाडवाला म्हणतात. भिंगरी म्हणणारं कुणी उरलं नाही, तेवढं नाव तरी घरी ठेवा.

आई, तुझ्या हाताचा भरवसा तुला नाही, तर नसू दे. या कुंडीचा आहे. तू रोज घाल. मध्येच उठून घाल. कुणी मोजणार नाही, कुणी ताटली ओतणार नाही, कुणी नाही म्हणणार नाही. तू आणू नकोस म्हणालीस, पण धाकट्याने कधी कुणाचं ऐकलंय? आरशाखालचे डबे आणि बाटल्या हलवून ठेवा. पहिला शेंडा खुडायला आला आहे, तो मी राखून ठेवलाय. तो ताईने खुडायचा, बाबांच्या जुन्या कात्रीने.

ट्रकमधून पाठवायला मन होत नाही, वाटेत हिसके बसतात. म्हणून मीच घेऊन निघतोय. पंधरवड्याची रजा आहे. पुढे खुर्चीमागे उभा राहीन का, ते इतक्यात विचारू नका, अजून पायांना विचारलेलं नाही. वेल्डर फाटकापर्यंत सोडायला येणार आहे, आणि त्याने बजावलंय की खिडकीची जागा मिळाली नाही तर झाडासाठी भांड. तिकीट एकाचंच काढलं, झाड मांडीवर बसेल.

भेटीत बाकीचं. तोवर लोभ असू द्या, मोजून नको.

तिकिटामुळे या वेळी नेहमीचे चार हजार जमले नाहीत. तो स्टीलचा पेला आता कपाटात ठेवून द्या, आणि मी पोचायच्या आत आईसाठी एक झारी आणा, बाजारातली सगळ्यात मोठी. सोबत बाराशे पाठवतोय.